एकेचाळिसावी ताटली

जमना तामोरे हिला जगातली बहुतेक माणसं मूर्ख वाटत, आणि ती तसं त्यांच्या तोंडावर सांगे. चिंचणीच्या किनाऱ्यावरची ती मांगेलीण. नवरा होडीवर, दोन मुलगे होडीवर, आणि ती स्वतः वीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकत हिंडलेली. गुडघ्यानं दगा दिला तेव्हा तिनं पाटी सुनेच्या डोक्यावर दिली आणि पाम गावच्या बालवाडीत स्वयंपाकाला लागली. सकाळच्या एस. टी.नं यायची, दुपारी परत जायची.

हे १९६६ सालचं. मी त्या बालवाडीची शिक्षिका होते, पुढे सरकारी शाळेत गेले. तिकडे समुद्राच्या बाजूला विजेच्या मोठ्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, त्यामुळे आमच्याकडे गावातली मुलं, खडी फोडणाऱ्यांची मुलं आणि एखाददुसरं साहेबाचं मूल असा सगळा गोतावळा जमे. बालवाडी म्हणजे एक कौलारू पडवी आणि मागे चुलीची खोली. चालवणारी संस्था मुंबईची. जागा चाळीस मुलांची, त्यामुळे ॲल्युमिनियमच्या ताटल्या चाळीस. एकेचाळिसावी जमनाची, कारण स्वयंपाकिणीला दुपारचं जेवण तिथेच मिळे.

मूल जेवत नसलं की आम्ही शिकलेली माणसं त्याच्या तोंडाकडे बघतो. जमना त्याच्या हातांकडे बघे. भातातली मिरची वेचून कडेला रांगेत लावणारं मूल, भात ताटलीभर पसरून संपल्याचा देखावा करणारं मूल, दर घासाला पाणी पिणारं मूल, एकाच गालानं चावणारं मूल, ही तिच्या लेखी चार वेगळी माणसं होती. बुधा नावाचा आमचा एक मुलगा आमटी पुढे आली की रडायचा. मी त्याला हट्टी ठरवलं होतं. जमनानं त्याचं तोंड उघडून आत बघितलं आणि मला म्हणाली, "मास्तरीणबाय, तोंड आलंय त्याचं. तुमच्या शाळंत तोंडात बघायला शिकवत नाय काय? नुसतं तोंड चालवायला शिकवतान?"

तिची खरी परीक्षा मात्र निराळी होती. मुलापुढे ताटली ठेवायची आणि त्याच्याकडे पाठ करून भांडी घासत बसायचं. कान मागे. बघणारं कुणी नसलं की नखरेल मूल दोन मिनिटांत जेवायला लागतं, दुखणाईत मूल लागत नाही. "आनि वास घेऊन नको म्हनतो ना, तो शाना," ती सांगे. "त्याला काय बोलायचं नाय. वास न घेताच नको म्हनतो, तो चोखंदळ. त्याला घरच्यांनी बिघडवलाय."

घरच्यांबद्दल तिचं मत फारच वाईट होतं. बांधकामावरच्या एका ओव्हरसियरची बायको, पुष्पलताबाई, साताऱ्याकडून आलेली. तिचा मुलगा शिवाजी साडेचार वर्षांचा, गुबगुबीत. पुष्पलताबाई त्याला सोडायला यायच्या आणि जेवण होईपर्यंत जायच्याच नाहीत. मांडीवर घेऊन, हा घास चिऊचा, हा घास काऊचा, असं अर्धा तास चाले. चिऊकाऊंनी सगळे घास नाकारले की त्यांच्या डोळ्यांत पाणी.

चौथ्या दिवशी जमना पळी घेऊन दारात उभी राहिली.

"बाय, चिऊकाऊ जेवलं. आता पोराचं बघा."

"अहो, तो काही खातच नाही हो. फार चोखंदळ आहे."

"सकाळी काय दिलंत?"

"काही नाही. दूध, दोन बिस्किटं आणि केळं."

"बस?"

"निघताना शिऱ्याचे चार घास. तेही बळेच."

"बरा खात नाय!" जमना म्हणाली. "माझ्या खलाशानं येवढं खाल्लं असतं तर होडी बंदरातनं हलली नसती. पोर चोखंदळ नाय, बाय. तुमाला घरी काम नाय."

पुष्पलताबाई रडत घरी गेल्या. आठवडाभर त्यांनी मुलाला पाठवलं नाही. मग नवऱ्यानं स्वतः आणून सोडलं, शिऱ्याशिवाय, आणि जमनानं त्याच्यापुढे ताटली आपटून पाठ फिरवली. शिवाजी सुकटीची चटणी बोटानं चाटून खायला लागला. पुढे पुष्पलताबाई जमनाला गावभर उद्धट म्हणत हिंडल्या, आणि मुलगा घरी सुकट मागतो, वासानं घर भरतं, ही तक्रार माझ्याकडे करत राहिल्या. त्या बाईंचा मला खरोखर कंटाळा यायचा. आपलं मूल जेवतं याचं दुःख करणारी आई मी पुढच्या सगळ्या नोकरीत दुसरी पाहिली नाही.

पावसाळ्याच्या शेवटी संस्थेचा देखरेख करणारा माणूस, एकनाथ चुरी, पालघरहून एक छापील कागद घेऊन आला. मथळा होता, 'अन्नाबाबत चोखंदळ बालकांची नोंद'. दर सोमवारी पाहणी व्हायची. लागोपाठ तीन सोमवार ज्या मुलानं मुख्य अन्न नाकारलं ते चोखंदळ. अन्न वाया जाऊ नये म्हणून त्याचं नाव कमी करायचं आणि बाहेर थांबलेल्या मुलाला ती जागा द्यायची. बाहेर थांबलेली मुलं पंधरा होती.

चुरी वाईट माणूस नव्हता. वाईट व्हायला जेवढं डोकं चालवावं लागतं तेवढंही त्यानं कधी चालवलं नसावं. इस्त्रीचा पायजमा, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कोरडं. तो मुलापुढे उकिडवा बसून विचारी, "बाळ, तुला भात आवडतो का?" अनोळखी माणूस, हातात कागद. चार वर्षांचं मूल मान हलवी. चुरी लिही, 'नावड'. मग स्वतः दोन वेळा भात घेऊन जेवे, पानावर निम्मा टाकी, आणि पुढच्या गाडीनं पालघरला जाई. पहिल्याच सोमवारी माझ्या चाळीसपैकी बावीस मुलांपुढे 'नावड' लागली.

"ह्या कागदावर माझ्या सासऱ्याचं नाव पयलं घाला, जलमभर माझ्या हातचं गपगुमान बाजूला सारलं त्यानं," जमना म्हणाली. "दुधाच्या भुकटीचं दूध पोरं पीत नाय म्हनून लिवलंय तुमी. तुमी प्यालाय कदी?"

"मला दूध चालत नाही. पोटाला त्रास होतो."

"तुमाला तरास, नि पोरांना नखरा."

चुरीनं ते ऐकलंच नाही. त्याला एका रकान्याची काळजी होती. कागदाच्या खाली 'स्वयंपाकिणीचा अभिप्राय' असा रकाना होता आणि त्यापुढे सही किंवा अंगठा. तिनं दुजोरा दिल्याशिवाय कुणाचंही नाव कमी होणार नव्हतं. चुरीनं हे तिला सांगितलं तेव्हा ती फिस्सकन हसली. "माझा अभिप्राय तुमच्या रकान्यात मावायचा नाय, सायब."

पण मी तिला ओळखत होते. चुरी गेल्यावर तिनं तो कागद हातात धरून बराच वेळ बघितला. वाचता येत नव्हतं. आपलं मत विचारणारा कागद तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. पुढच्या सोमवारी ती धुतलेलं लुगडं नेसून आली. त्या बावीसपैकी एकवीस नावं तिनं एकेक करून खोडायला लावली. ह्याचा दात हलतोय, हिची आई बाळंत झालीय, हा घरून पेज पिऊन येतो, ह्याला भाताची नाही, तुमची भीती वाटते. चुरी घामाघूम होऊन खोडत होता. उरलेलं एक नाव एका भटक्या मुलीचं होतं, आणि ते बिऱ्हाड आधीच गाव सोडून गेलं होतं. महिनाभर सगळं असंच निभावलं.

चिमीचं नाव तोवर त्या कागदावर कधी आलंच नव्हतं. चिमी चार वर्षांची. आईबाप, जिव्या आणि ठमी, मासवणकडच्या डोंगरातले. जमिनीचा तुकडा एवढासा, त्यावर जिव्याचा भाऊ मंगळ्या राबायचा, म्हणून ही दोघं पावसाळाभर इकडेच खडीच्या कामावर राहिली होती. खडी फोडायच्या यंत्रापाशी एका पोराच्या पायावर दगड पडला, तेव्हापासून मुकादम कुणालाही मूल घेऊन येऊ देत नसे. म्हणजे चिमीला बालवाडीत जागा होती म्हणून ठमीला काम होतं. इतकं ते सरळ होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

चिमी बोलत नसे. जूनपासून चार महिन्यांत तिनं आमच्याशी शब्द काढला नव्हता. पण खायची सगळं. नागलीची आंबील, डाळ, शेवग्याचा पाला, जमना घरून आणायची ती सुकट. ताटली अशी साफ करी की जमना ती उचलून इतरांना दाखवी. "बघा रे नखरेलांनो! खायचं कसं, ते ह्या डोंगरातल्या पोरीकडनं शिका. आनि तुमी पन शिका, मास्तरीणबाय, तुमी भेंडी टाकता."

दसऱ्याच्या सुमारास गावातल्या एका शेतकऱ्यानं बालवाडीला नव्या तांदळाची दोन पोती दिली. जमनाला कोण आनंद. तिनं भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं आणि झेंडू एकत्र बांधून दारावर लावलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, पहिली मूद लोंब्यांपुढे ठेवली. आमच्याकडे ह्याला नवं करणं म्हणतात. नवं झालं की नवा भात खायला मोकळीक. मग तिनं चाळीस ताटल्यांत तो ओलसर, वासाचा भात वाढला आणि पोरांना सांगितलं, "आज नव्या तांदळाचा भात हाय. टाकला त्याला मी उद्या चिखल वाढीन."

चिमीनं भात खाल्ला नाही. कडेची डाळ चाटली, सुकट खाल्ली, आणि भात बोटांच्या टोकांनी अलगद एका बाजूला सारला. एक शीत खाली पडलं तर ते उचलून परत ताटलीत ठेवलं. मग दोन्ही हात पाठीमागे घेऊन बसली.

जमनानं आधी कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. तोंड बघितलं. काही नव्हतं. पाठ करून भांडी घासली. मागून आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मुलगी ताटली बघूनच मागे सरकली.

"वास पन घेत नाय," जमना म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "चार महिने मिळंल ते खाल्लं, नि आता नव्या तांदळाला नाक मुरडते. ह्या भातासाठी माझ्या घरात सुना भांडतान! राणी झाली, राणी."

नंतर ती रोज बोलायला लागली. "या राणीसायब. आज काय पायजे? पापलेट तळू?" मुलं हसत. चिमी हसणाऱ्यांकडे बघे आणि हात पाठीमागे घेई. सोमवारी चुरीनं विचारलं, चिमीनं मान हलवली, त्यानं लिहिलं. दुसऱ्या सोमवारी लिहिलं. तिसऱ्या सोमवारी तो जमनाकडे वळला. "बोला. ह्या मुलीचं काय? हिलाही दात?"

"हिला काय पन नाय. ह्या पोरीची खोडी हाय," जमना म्हणाली, आणि अंगठा उठवला.

नाव मी कमी केलं. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून चुरी माझ्याकडून लिहून घेई. अन्न इतक्या जपून बाजूला सारणारं चोखंदळ मूल मी कधी पाहिलं नव्हतं. हे माझ्या ध्यानात आलं होतं आणि मी बोलले नाही. जमनापुढे बोलायची माझी छाती नव्हती. चिमीच्या जागी त्याच दिवशी बाहेरच्या मुलांतला भिका आला.

संध्याकाळी ठमी पोरीला न्यायला आली तेव्हा तिला मीच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली, चिमीला कडेवर घेतलं आणि गेली.

गुरुवारी खडीवरची एक बाई आपल्या मुलाला सोडायला आली. ती चुलीच्या दारात थांबली. "ठमीला परत पाठवली मुकादमानं. दोन दिस झालं."

"का?" जमनानं विचारलं, का ते ठाऊक असून.

"पोरीला घेऊन आलती. तो वरडला, बच्चा इधर नहीं चलेगा, बच्चा रखना है तो घर बैठो. रविवारपतूर पोरीची सोय नाय झाली तर दुसरी बाई घेनार. मंग दोघं गावाला जातीन. तिथं काय खातीन?"

"घरी गोडधोड घालत असतीन पोरीला, म्हनून हितं भात नको," जमना म्हणाली. मग भांडं खाली ठेवून, "मी सोता बघून येते. शनवारी जाते. मास्तरीणबाय, तुमी पन चला. तुमचा तो कागद घ्या नि लिवा, काय काय सापडतंय ते."

शनिवारी दुपारी आम्ही दोघी खडीच्या मागच्या झोपड्यांकडे गेलो. वाटेत ती सारखी बोलत होती. डोंगरातली माणसं पोरांना कशी लाडावून ठेवतात, फुकटचं मिळालं की माणसाला कशी चव सुटते, आणि तिचं स्वतःचं कसं कधीच काही चुकत नाही.

ठमीची झोपडी पेंढ्यानं शाकारलेली, कमरेत वाकून शिरावं लागे तशी. आत चुलीवर नागलीचं पीठ शिजत होतं. पातळ, पाण्यासारखं. जिव्या कोपऱ्यात बसला होता, चिमी त्याच्या पायाशी. आणि त्याच कोपऱ्यात एका पाटीत पांढराशुभ्र तांदूळ होता, वर पळसाची पानं झाकून.

जमनानं पानं उचलून बघितलं. मूठभर तांदूळ हातात घेऊन नाकाला लावला.

"हा नवा हाय."

"हां," ठमी म्हणाली. "पल्याडच्या शेतावर झोडनीला गेलतो, त्याचा दिला."

"कवा?"

"झालं की पंदरा दिस."

"पंदरा दिस पाटीभर तांदूळ हितं पडलाय, नि तुमी पोरीला नागलीचं पानी पाजता? काय गो बाय, डोकं हाय ना जागेवर?"

ठमीनं चुलीकडे बघितलं. जिव्याकडे बघितलं. मग म्हणाली, "आमचं नवं नाय झालं अजून."

जमनाच्या मुठीत तांदूळ तसाच होता.

"दसरा होऊन गेला," ती शेवटी म्हणाली.

"भगत आजारी हाय," जिव्यानं सांगितलं. "हिव आलं त्याला. तो उठंल, देवाला नवं दावंल, वाडवडलांना दावंल, मंग गाव खाईल. मंगळ्या निरोप आनील. नाय आला अजून."

"नि तवर?"

"तवर कसं खायचं?" ठमी म्हणाली. तिला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं होतं. "देवाच्या आधी?"

मी चिमीकडे बघितलं. हात पाठीमागे होते.

जमनानं मूठ पाटीत उघडली, दाणा न दाणा झटकला आणि पानं होती तशी झाकली. "मना ठावं होतं," ती म्हणाली, आणि ते आमच्यापैकी कुणाला उद्देशून नव्हतं. "डोंगरातली मानसं बी नवं करतान, आमच्या आधी करतान, मना ठावं होतं. मना वाटलं, यंदा पन झालं असंल. मी दारावर लोंब्या बांधल्या नि मना वाटलं, सगळ्या जगाचं झालं." मग ठमीवर उसळून, "पन तुमाला तोंड नव्हतं? एक शब्द सांगता येत नव्हता?"

"तुमी रागावल्या होत्या," ठमी म्हणाली. "रागावलेल्या मानसाला काय सांगायचं?"

जमना वाकून बाहेर आली आणि दुखऱ्या गुडघ्यानं माझ्यापुढे बालवाडीपर्यंत चालत गेली. दारावरच्या लोंब्या वाळल्या होत्या. त्यांच्याखाली ती थांबली.

"येवढासा जीव," ती म्हणाली. "समोर भात, पोटात भूक, आजूबाजूला सगळी पोरं खातान, वर एक म्हातारी टोचून बोलते. तरी हात लावला नाय. नि मी लिवलं, खोडी हाय. माझा सासरा बरा, तो निदान गप ऱ्हायचा."

रविवारी ती मुकादमाला भेटली. त्याला काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण त्यानं मंगळवारपर्यंत थांबायचं कबूल केलं. सोमवारी चुरी आला. त्याचं पान तिनं आधीच वाढून ठेवलं होतं.

"चुरी सायब, ते चिमीचं नाव परत घाला. माझी चूक झाली."

"कसली चूक?"

तिनं सगळं सांगितलं. भगत, ताप, देव, मंगळ्या. मी ते जरा व्यवस्थित लावून पुन्हा सांगितलं. चुरीनं मन लावून ऐकलं, मग कागद काढून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"ह्याला रकाना नाही," तो म्हणाला.

"मंग पाडा."

"असा पाडता येत नाही, बाई. मुख्य अन्न लागोपाठ तीन सोमवार नाकारलं. कारण काही का असेना. आणि अभिप्राय तुमचाच आहे. हा बघा. अंगठा कुणाचा?"

"माझा."

"मी मुंबईला काय कळवू? स्वयंपाकीण एका आठवड्यात दोन अभिप्राय देते?"

"कळवा, की स्वयंपाकीन गाढव हाय."

"तसाही रकाना नाही," चुरी म्हणाला. तो विनोद करत नव्हता. विनोद त्याला येतच नसे. तो जेवायला बसला, आणि पानातली सुकटीची चटणी बोटानं बाजूला सारली.

जमना त्या बोटाकडे बघत होती. "हे काय? पयल्यांदा कागद घेऊन आलात तवा तर मागून घेतलीत."

"तेव्हा बुधवार होता. सोमवारी तुम्ही ती कधी वाढली नव्हती. आज सोमवार."

"मंग?"

"सोमवारी मी खात नाही. घरची पद्धत आहे आमची."

"तुमचा सोमवार ती पद्धत," जमना सावकाश म्हणाली, "नि तिचं नवं ती खोडी?"

चुरी जेवायचा थांबला. क्षणभर मला वाटलं, आता काहीतरी शिरलं त्याच्या डोक्यात. त्यानं पानाकडे बघितलं, जमनाकडे बघितलं.

"मी काय चार वर्षांचा आहे का?" तो म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला.

जमनानं माझ्याकडे बघितलं, तोंडावर पदर धरला आणि आत गेली. मला वाटलं रडते आहे. आत जाऊन बघितलं तर ती आपली ताटली पुसत होती.

"ह्या ताटलीवर कुनाचा हुकूम?" तिनं विचारलं.

"कुणाचा नाही. ती तुमची."

"कागदात हाय का ही?"

"नाही. कागदात चाळीस."

"मंग झालं."

मंगळवारी सकाळी ठमी चिमीला घेऊन आली. जमनानं चिंचणीहून पुरचुंडीत जुना तांदूळ आणला होता, गेल्या सालचा, घरच्या कणगीच्या तळचा. तो एका लहान पातेल्यात वेगळा शिजवला. ठमीनं ते दाणे बघितले, मुलीशी दोन शब्द बोलली आणि खडीवर पळाली. चिमी पडवीत बसली नाही, जागा भिकाची होती. ती आत चुलीपाशी बसली, आणि जमनाची ताटली तिच्यापुढे आली. ह्या वेळी जमनानं पाठबीठ काही केली नाही, समोर मांडी घालून बघत बसली. चिमीनं बराच वेळ तिचं तोंड निरखलं. आज रागावलेली आहे का, ते बघत असावी. मग जेवली.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मंगळ्या मासवणहून चालत निरोप घेऊन आला. भगत उठला होता, नवं झालं होतं. त्यानंतर चिमी नवा भात खाऊ लागली, आणि जुनी पुरचुंडी आणायची गरज उरली नाही. पण जागा परत मिळाली नाही. मी मुंबईला दोन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर नाही, दुसऱ्याला उत्तर म्हणून त्याच कागदाच्या शंभर कोऱ्या प्रती आल्या. चुरीच्या वार्षिक अहवालात आमच्या बालवाडीसमोर लिहिलेलं होतं: 'चोखंदळ बालक, एक. नाव कमी केले. सध्या सर्व चाळीस बालके समाधानकारक जेवतात.' हे लिहिणारा माणूस महिन्यातून चार वेळा चुलीच्या दारावरून जाई, आत बसून जेवणारी मुलगी बघे आणि एकदाही विचारत नसे की ही कोण. यादीत नसलेलं मूल त्याला दिसतच नसावं.

चिमी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या एकेचाळिसाव्या ताटलीवर जेवली आणि ठमीचं काम टिकलं. जमना कधी जेवायची, जेवायची की नाही, हे मी विचारलं नाही. दुपारच्या एस. टी.नं घरी पोचायला तिला तीन वाजत. मी माझ्या डब्यातली भाकरी पुढे केली तर ती म्हणे, "तुमच्या भाकरीला चव नाय."

चैत्रात खडीचं काम संपलं. जिव्याचं बिऱ्हाड गावाकडे निघालं तेव्हा ठमी चिमीला घेऊन चुलीच्या दारात आली. हातात काही नव्हतं. तिच्या मनात बरेच दिवस काहीतरी होतं, ते तिनं आत्ता विचारलं.

"बाय, पोर तुमचं खात होती. तुमी काय खायच्या?"

"मी?" जमना चुलीतली राख ओढत होती, तिनं मान वर केली नाही. "मना हितलं शिजवलेलं आवडत नाय. मी चोखंदळ हाय."